बिनतारी दार

सिद्राम,

तुला मूठमाती देऊन आलो त्याला आज तेरा दिवस झाले. पहिले दहा दिवस मी तुझ्यासाठी रडलो, हे सांगायला मला लाज वाटत नाही. जेवताना रडलो, दुकानात सोल्डर तापत ठेवून रडलो, एकदा तर गिऱ्हाइकासमोर रडलो आणि ते बिचारं आपला ट्रान्झिस्टर तसाच ठेवून निघून गेलं. अकराव्या दिवशी आप्पांचा ड्रायव्हर शिवप्पा मोटार घेऊन दुकानासमोर आला आणि एक वाक्य बोलला. तेव्हापासून रडणं बंद झालंय. आता नुसता राग आहे, आणि ज्याच्यावर तो काढायचा तो तू जागेवर नाहीस. म्हणून कागद घेऊन बसलोय.

गौरावहिनींनी मला तुझ्यावर चार ओळी लिहायला सांगितल्या होत्या. "भावजी, तुमचं अक्षर चांगलं. फोटोखाली घालायला कायतरी लिवून द्या की." मी हो म्हणालो. तू मनमिळाऊ होतास, कुणाच्याही अडीनडीला धावायचास, पत्र्याला तुझा हात लागला की पत्रा ऐकायचा, हे सगळं लिहिता येईल आणि सगळं खरं आहे. पण तू मला चार वर्षं फसवलंस हेही खरं आहे, आणि ते काही फोटोखाली लिहिता येत नाही.

माझ्या हातून आयुष्यात एकच काम असं झालं होतं, की ज्याच्या जोरावर मी मान वर करून बोलत होतो. आप्पांच्या मोटारीचं दार. बाकी मी काय, इतरांनी बनवलेल्या रेडिओंचे जळके व्हॉल्व्ह बदलणारा माणूस. ते दार तेवढं माझं होतं. ते माझं होतं की नव्हतं, एवढाच प्रश्न आहे, सिद्राम. तुला उत्तर माहीत होतं आणि तू मूग गिळून बसलास.

आठवतंय, ती मोटार तुझ्या होटगी रस्त्यावरच्या शेडमध्ये आली तेव्हा काय होती? कुणा संस्थानिकाच्या पागेत वर्षानुवर्षं पडलेलं परदेशी धूड. उंदरांनी गाद्या खाल्लेल्या, दारं गंजून लोंबलेली. आपल्या गुरुलिंगआप्पांनी ती घेतली. चादरींच्या व्यापारात त्यांचं बस्तान बसलं होतं आणि आता गावाने वळून बघावं अशी गाडी त्यांना हवी होती. कुठल्याशा मासिकातलं चित्र ते खिशात घेऊन फिरायचे. त्यातल्या गाडीच्या दाराला मूठच नव्हती. "मूठ नको," आप्पा म्हणाले, "मी लांबनं हुकूम करायचा आणि दारानं उघडायचं. जमतंय का सांगा, न्हायतर पुण्याला न्हेतो."

पुण्याचं नाव काढल्यावर तू गप्प बसणार नव्हतास. आप्पांच्या जावयाने कुवेतहून नातवंडांसाठी बिनतारी बोट आणली होती. बटण दाबलं की बोटीचं सुकाणू वळायचं. नळाला दिवसाआड पाणी येणाऱ्या आपल्या गावात ती बोट कपाटावर धूळ खात पडली होती. तू ती उचलून माझ्या हातात दिलीस. "दत्तू, ह्याचं आतडं काढ आणि दारात घाल."

मी तेव्हा मिलच्या इलेक्ट्रिक खात्यात होतो आणि संध्याकाळी घरी रेडिओ दुरुस्त करत होतो. दीड महिना रोज पाळी सुटली की सायकल मारत तुझ्या शेडवर यायचो. बोटीतला तो काड्यापेटीएवढा रिसीव्हर, त्याला जोडलेलं रिले नावाचं इवलं स्विच, आणि दाराची खिट्टी ओढायला ट्रकच्या स्टार्टरचं सोलेनॉइड. हा बोकड त्या चिमणीच्या हुकुमात कसा आणायचा, यात माझे तीन आठवडे गेले. फक्त आप्पा बसतात ते मागचं डावं दार तसं करायचं ठरलं. पुढे ड्रायव्हरने काचेतून हात घालून आतली कळ दाबावी, त्याला कोण बघतंय.

ज्या दिवशी ते पहिल्यांदा चाललं त्या दिवशी दाराला अजून अस्तर नव्हतं, रंग नव्हता, नुसता पत्रा होता. बोटीची ती बटणाची डबी तुझ्या हातात होती. तू शेडच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बटण दाबलंस, आत सोलेनॉइडने टणका दिला आणि दार उघडलं. तू कन्नडमध्ये असं काही बोललास की ते मी माझ्या आईसमोर म्हणू शकणार नाही. मग तू ते दार वीसदा उघडलंस. वळसंगहून तुझे थोरले भाऊ आले होते, त्यांना बसवून उघडलंस. चहावाल्याला थांबवून उघडलंस. तेव्हा तुझ्या तोंडावर जो आनंद होता तो मी खोटा मानायला तयार नाही. आज सगळंच तपासून घ्यावं लागतंय, पण तेवढं मी सोडून दिलंय.

आपलं भांडण झालं ते त्या तारेवरून. तुझं म्हणणं, खिट्टीला सायकलच्या ब्रेकची एक तार बांधून ठेवू, तिचं टोक मडगार्डाखाली लपवू. "बॅटरी हाय ती. उतरंल की एक दिवस. मग आप्पानं काचंतनं उडी मारायची व्हय?" मी तुझ्या अंगावर खेकसलो. म्हणालो, तार लावायची तर मग दीड महिना मी काय माती खाल्ली? लोक म्हणतील, दत्तूचं बिनतारी दार तारेवर चालतं. मी असेपर्यंत या दाराला तार लागणार नाही. तू पाना पुसत राहिलास आणि मग "बिडू" म्हणालास. तुझ्या कन्नडमधलं जाऊ दे. तू बिडू म्हणालास की मी जिंकलो असं मी धरून चालायचो. किती वेळा असं धरून चाललो कोण जाणे.

आणीबाणीच्या आदल्या वर्षीचा तो दसरा. मी सकाळी मिलमध्ये होतो, यंत्रांची पूजा होती आणि आमच्या खात्याला हजर राहणं भाग होतं. आदल्या दिवशी माझं काम संपलं होतं. अस्तर ठोकणं, रबर बसवणं, शेवटचे स्क्रू पिळणं हे सगळं तुझं. दहाच्या सुमारास मी धावतपळत आप्पांच्या पेढीसमोर पोहोचलो. झेंडूचे हार, चाकाखाली लिंबं, हलगी कडाडत होती, निम्मी पेठ जमली होती. आप्पा पायरीवर उभे, धोतराचा सोगा एका हातात, डबी दुसऱ्या हातात. त्यांनी बटण दाबलं. दार उघडलं. गर्दीतून जो आवाज उठला तो मी अजून ऐकतो. तू मागच्या चाकाजवळ उभा होतास, दोन्ही हात पाठीमागे, लग्नात नवरीचा बाप उभा राहतो तसा अवघडून. मी तुला मिठी मारली. तुझं अंग ताठ होतं. मला वाटलं, दमलायस.

आणि सोलेनॉइडचा टणका? मी ऐकला, सिद्राम. आजही शपथेवर सांगेन की ऐकला. हलगीच्या त्या कल्लोळात मला तो ऐकू आला. इतका मी ते दार उघडावं म्हणून कान लावून बसलो होतो. यात तुझा दोष नाही.

त्या दिवशी माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. रस्त्याने जाताना लोक थांबवायचे. मिलमधले साहेब स्वतः येऊन विचारून गेले. दिवाळीनंतर मी तुझ्याकडे आलो आणि सांगितलं, की नोकरी सोडतोय, दुकान टाकतोय, पाटीवर बिनतारी दार असंच लिहिणार. तू शेगडीवर शिसं वितळवत होतास. माझ्याकडे न बघता म्हणालास, "जरा थांब की."

"का थांबू?"

"वहिनीला इचार. एका दारावर नोकरी सोडत्यात व्हय?"

"एका दारावर नाही, माझ्या हातावर सोडतोय."

तू पुन्हा म्हणालास, "थांब म्हणतो तर थांब की लेका." एवढंच. का थांबायचं ते तुझ्या जिभेवर आलं नाही. मी काय समजलो असेन? मी समजलो, तुला जळजळ होतेय. मोटार तू घडवलीस, पत्र्याचा प्रत्येक बाक तुझा, आणि पेठेत नाव दत्तूच्या दाराचं. मी ते तुला तोंडावर बोललो. "तुला माझं चांगलं बघवत नाही," असं म्हणालो. तू वितळलेलं शिसं तसंच ठेवून बाहेर गेलास. पुढे चार महिने आपण बोललो नाही.

आज मला कळतंय की त्या दिवशी तुझ्यासमोर रस्ता सरळ पडला होता. एक वाक्य. दत्तू, ते दार मी ओढलं होतं. मी तुला शिव्या दिल्या असत्या, कदाचित हात उगारला असता, पण दुसऱ्या दिवशी मी मिलच्या फाटकातून आत गेलो असतो आणि संध्याकाळी ते अस्तर उचकटून बघितलं असतं. तू ते वाक्य गिळलंस आणि वर माझा मत्सरी मित्र ठरलास, तेही गिळलंस. एवढं गिळणाऱ्या माणसाला लोक मोठ्या मनाचा म्हणतात. मला तसं म्हणवत नाही.

चार महिन्यांनी तूच आलास. माझ्या दुकानाला पाटी नव्हती म्हणून पत्र्याची पाटी करून आणलीस, कडा सुबक वळवलेल्या. गौरावहिनींनी दिलेल्या शेंगाचटणीची पुडी टेबलावर ठेवलीस आणि माझं सगळं वितळून गेलं.

त्यानंतर मोहोळच्या त्या डाळमिलवाल्याची गाडी आली. आप्पांचं दार बघून त्याला तसंच हवं होतं. पत्रा तुझ्याकडे, आतडं माझ्याकडे. मी तोच नकाशा, तोच रिले, तीच जोडणी केली. टेबलावर चाललं. अस्तर ठोकायच्या आधी शेडमध्ये चाललं. मालक घ्यायला आला त्या दिवशी त्याच्या बायकोच्या हातात डबी दिली आणि दार हललं नाही. दहा पावलांवरून नाही, दोन पावलांवरून नाही, डबी काचेला चिकटवून नाही. ती बाई आधी हसली, मग तिला माझी दया आली. तिची दया मला जास्त लागली.

अस्तराला ठेवलेल्या झडपेतून रिसीव्हर तेवढा सोडवून मी घरी आणला. दोष सापडला नाही. परत बसवला, परत बंद. असं मी किती वेळा केलं ते तू बघितलंस. माझा हिशेब सरळ होता: आप्पांच्या गाडीत हीच जोडणी चालते, म्हणजे बसवण्यात चूक नाही. चूक असणार ती माझ्या सोल्डरमध्ये, माझ्या नकाशात, माझ्या हातात. म्हणून मी रिसीव्हर उलगडत राहिलो आणि अस्तराकडे बघितलंच नाही. दोन पावसाळे मी त्या एका प्रश्नात घालवले. पहिलं चाललं तर दुसरं का नाही? मी आप्पांची गाडी उघडून बघतो म्हणालो, तेव्हा तू म्हणालास, "चालत्या गाडीला हात लावू ने दत्तू." गॅरेजमधलं शहाणपण म्हणून मी ते मान्य केलं.

शेवटी मोहोळवाल्याने दाराला मूठ बसवून घेतली. मूठ तूच बसवलीस. मी पाटी उतरवली तेव्हा तू शिडी धरलीस. "बिडू," म्हणालास, "रेडिओ काय कमी हायत गावात?" मग दर आठवड्याला कुणा ना कुणाचा रेडिओ तू माझ्याकडे धाडायला लागलास. मी तुझे उपकार मानले. माझ्या बायकोला म्हणालो, सिद्रामसारखा माणूस शोधून सापडणार नाही. आता मी त्यातली प्रत्येक गोष्ट उलटी करून बघतोय, शिवण तपासावी तशी. ती पाटी, ती चटणी, ते रेडिओ, माझ्या पोरीच्या लग्नात तू चार दिवस मांडवात राबलास ते. यातलं प्रेम किती आणि भरपाई किती? तू हे मला करायला लावलंस, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. चांगल्या आठवणीसुद्धा तू धड ठेवल्या नाहीस.

तर परवा शिवप्पा आला. गाडी लावली, खाली उतरला, डोक्यावरची टोपी काढून तुझ्यासाठी दोन मिनिटं हळहळला. मग म्हणाला, "मास्तर, मागलं दार उघडंना झालंय. तार ढिली पडलीया. दर दसऱ्याला सिद्रामअण्णा ताणून द्यायचे. आता तुमीच बघा की."

"कुठली तार?"

तो हसला. मी गंमत करतोय असं त्याला वाटलं. मला मागच्या मडगार्डाकडे नेलं, वाकून आत हात घातला आणि एक कडी बाहेर ओढून दाखवली. बोटभर लांब तार, टोकाला पितळेची कडी, सतत बोट घालून चकचकीत झालेली. "आप्पांच्या अंगठ्यावर नजर ठेवायची," शिवप्पा म्हणाला. "अंगठा दबला की ओढायची. सिद्रामअण्णांनी पयल्याच दसऱ्याला शिकिवलं मला. त्या दिवशी त्यांनी सोता ओढली. आप्पांस्नी अजून ठावं न्हाय. डबीचा लाल दिवा लागावा म्हणून सेल तेवढे बदलतो मी."

मी त्या कडीत बोट घालून बघितलं. त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याचं तोंड उतरलं. "तुमास्नी ठावं नव्हतं व्हय मास्तर?"

ठावं नव्हतं. आप्पांना नव्हतं आणि मला नव्हतं. सोलापुरात या दाराला भुललेली दोनच माणसं उरली होती, एक हौशी शेठ आणि दुसरा ते दार बनवणारा. तुम्ही बाकीचे सगळे एका बाजूला होता. ड्रायव्हरला तू विश्वासात घेतलंस. मला नाही घेतलंस.

तसाच उठून मी तुझ्या घरी गेलो. गौरावहिनी भाकरी थापत होत्या. विचारलं तर त्यांनी परातीतला हात थांबवला. त्यांनाही माहीत होतं. "लई डाव सांगणार हुते तुमास्नी. जीव झाला न्हाय त्यांचा. म्हणायचे, दत्तू लई मानी हाय. नोकरी सोडून बसलाय. आता सांगितलं तर त्यो परत हत्यार हातात धरायचा न्हाय." मग त्या रडल्या आणि मला म्हणाल्या, "त्यांनी तुमची लाज राखली भावजी."

लाज राखली. मी त्या अंगणात चार वर्षं चहा प्यालो, आणि प्रत्येक कपामागे माझी लाज राखली जात होती. मी दाराच्या गोष्टी सांगायचो, तुम्ही दोघं माना डोलवायचात. सिद्राम, कुणी केसाने गळा कापला तरी माणूस समजू शकतो. तू मला पदराखाली झाकून ठेवलंस. चाळीस वर्षांच्या माणसाला.

काल सकाळी मी शिवप्पाला गाडी घेऊन बोलावलं. तुझी तार कशी फिरवलीस ते बघायचं होतं; खरं सांगतो, तिला पकडीने तोडायचं ठरवूनच मी अस्तर काढलं. तुझं काम बघून तेवढ्यातही जीव गलबलला. तार खांबातून खाली नेताना जिथे जिथे पत्र्याची कड येते तिथे तू रबराचा तुकडा ठेवलास. ही तार दसऱ्याच्या घाईतली नव्हती. भांडण झाल्यावर, मला नकळत, तू ती सवडीने बसवली होतीस, खरंच बॅटरी उतरेल म्हणून. इथपर्यंत मी तुला माफ करत आलो होतो.

मग वर, मागच्या काचेच्या कडेला, मला माझी एरियल दिसली.

तुला कळावं म्हणून सांगतो. बोटीतल्या रिसीव्हरला एक हातभर वायर होती. मी ती काचेच्या रबराशेजारून वर नेली होती आणि तिचं टोक मोकळं सोडलं होतं. तशीच सोडायची असते. तुझ्या घराच्या पत्र्यावर रेडिओची जाळी आहे ना, खांबावर, कशालाही न टेकता? तेच काम. हवेतून येतं ते तिने धरायचं. आणि त्या टोकाला, सिद्राम, तुझा स्क्रू होता. टोक सोलून गोल वळवलेलं, खाली दातेरी वायसर, वर पितळेचा स्क्रू, गंजू नये म्हणून ग्रीसचं बोट. थेट बॉडीला पिळलेला.

मला दिसायला लागलं तू काय केलंस ते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तू अस्तर ठोकायला घेतलंस, आणि तुला एक मोकळी वायर लोंबताना दिसली. रेडिओवाल्याला त्यात काही वाटलं नसतं. पण तू मोटारवाला. मोटारीत दिव्याला एक वायर जाते आणि दुसरं टोक बॉडीला लागतं. सगळ्या गाड्या अशाच चालतात, तू पंचवीस वर्षं हेच केलंस. मोटारीत मोकळी वायर म्हणजे कुणीतरी विसरलेलं काम. दत्तू विसरला, असं म्हणून तू ते पुरं केलंस. माझी चूक झाकलीस. चांगलं घट्ट पिळलंस. आणि त्या क्षणी माझं दार बहिरं झालं. दसऱ्याच्या सकाळी डबी दाबूनही ते उघडलं नसणार, मी मिलमध्ये होतो, आणि तुझ्या हाताशी तेवढी तार होती. मोहोळच्या गाडीतही तू हेच केलं असणार, इतक्याच मायेने.

मी तो स्क्रू काढला. टोक मोकळं केलं. रिलेच्या टिकल्यांवर चार वर्षांचा काळपटपणा होता, तो कागदाने घासला. शिवप्पाला म्हणालो, गाडीपासून लांब हो, त्या कडुलिंबाखाली जाऊन उभा राहा, दोन्ही हात मला दिसतील असे धर. तो बिचारा पोलिसाने धरल्यासारखे हात वर करून उभा राहिला. मी डबी घेऊन रस्त्याच्या पलीकडे गेलो. बटणावर अंगठा ठेवला. दाबला.

टणका बसला. दार उघडलं.

शिवप्पा हात तसेच वर धरून म्हणाला, "मास्तर, मी न्हाय ओढली."

मी ते लोटून लावलं आणि परत दाबलं. परत उघडलं. रस्त्यावरचे दोन विणकर थांबून बघायला लागले, त्यांच्यासमोर उघडलं. शिवप्पा टाळ्या वाजवत होता. मला आनंद व्हायला हवा होता. चार वर्षं जे विचारत होतो त्याचं उत्तर समोर उघडझाप करत होतं. दार माझं होतं. माझ्या सोल्डरमध्ये काही चूक नव्हती, नकाशात नव्हती, हातात नव्हती. आणि मला एकच माणूस हवा होता ते बघायला.

तू मला फसवलंस, हे मी आज ना उद्या पचवेन. गौरावहिनींना त्या स्क्रूचं मी सांगणार नाही. त्यांच्या लेखी तू माझी लाज राखलीस, ते तसंच राहू दे. पण तुला सांगितल्यावाचून मला जेवण जाणार नाही. "ही वायर कशाची रे दत्तू?" एवढं विचारायला तुझं काय गेलं असतं? तू समजून चाललास. माझी चूक आहे असं समजलास, ती झाकलीस, मग ते झाकणं झाकलंस, आणि हे सगळं माझ्यावर जीव होता म्हणून. शेडमध्ये चालणारं, चारचौघांत बंद पडणारं काम करणारा माणूस, अशी माझी किंमत तुझ्या मनात होती. तीच घेऊन तू गेलास. तुझ्या मैत्रीबद्दल मला कधी शंका नव्हती, मला वाटलं होतं माझ्या कामाबद्दल तुलाही नाही.

दार उघडलं, सिद्राम. मी रस्त्याच्या पलीकडे होतो, शिवप्पाचे हात वर होते आणि दार उघडलं. तू मेलास तो माझ्या हातून ते होत नाही असं समजून मेलास, आणि आता तुला कुणीही सांगू शकत नाही.